जयाच्या दाढेची हद्द

हैबतराव हसत नसत असं नव्हे. हसत, पण त्यांचं हसू कुणी पाहिलेलं नव्हतं. हसायची वेळ आली की त्यांचा उजवा तळहात आपसूक तोंडावर जायचा, खांदे गदगदायचे, डोळ्यांना पाणी यायचं, आणि सगळं आटोपलं की मगच हात खाली यायचा. लग्न जुळवताना वडिलांनी ताकीद दिली होती, "काय वाट्टेल ते होऊ दे, तोंड उघडायचं न्हाई." ती त्यांनी इतकी कसोशीने पाळली की मुलीकडच्या गावात 'पोरगा शिकलेला हाय पन मुका हाय' अशी बातमी पसरली. लीलाबाईंनी तरीही होकार दिला. मुका नवरा काही वाईट नाही असं तेव्हा वाटलं होतं, आणि पुढे चांगलीच फसवणूक झाली, असं त्या सांगतात.

कारण एवढंच, की हैबतरावांच्या तोंडात दातांनी बेशिस्त मांडली होती. वरचे दोन एकमेकांच्या उरावर बसलेले, खालचा एक रांग सोडून आत जाऊन उभा राहिलेला आणि डावा सुळा कोण आलं ते बघायला बाहेर निघालेला. बाकी माणूस भारदस्त. मुळशीहून रोज एसटीने तालुक्याच्या कचेरीत जायचं आणि मोजणीचे नकाशे सांभाळायचे, ही त्यांची नोकरी. कुणाचा बांध कुठून जातो आणि कुणी तो कुठवर कोरला आहे, हे त्यांना तोंडपाठ. आख्ख्या गावात हद्दीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा.

एक हद्द सोडून. त्यांच्या घराला लागून थोरल्या चुलतभावाचं, कोंडाजीचं घर होतं आणि दोन्ही घरांच्या मधे अडीच हातांचा एक बोळ होता. त्या बोळात ऊन नव्हतं, वारा नव्हता, पावसाळ्यात दोन्ही कौलांची पागोळी तिथंच पडायची आणि कोंबडीसुद्धा फार वेळ थांबायची नाही. पण बोळ कुणाचा, यावरून नऊ वर्षं वाद चालला होता. कोंडाजीने घमेलं ठेवलं की हैबतरावांनी हरकत घ्यायची, हैबतरावांनी पाटी ठेवली की कोंडाजीने ती उचलून अंगणात फेकायची. अशा रीतीने बोळ रिकामा राहिला होता. दोघांच्या मते ही आपापली जीत होती.

तर एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर हैबतरावांच्या सात वर्षांच्या जयाची दाढ दुखू लागली. दुधाचीच दाढ, खालची, डावीकडली. गुळाचा खडा दिसला की तो कुणाचा आहे हे न विचारण्याची जयाला लहानपणापासून सवय, त्यामुळे दाढेला भोक पडलं होतं. बाजाराच्या दिवशी तिथल्या दात काढणाऱ्यापुढे तिला बसवलं. त्याने "मोर बघ मोर" म्हणून आभाळाकडे बोट केलं आणि मोर दिसायच्या आत दाढ चिमट्यात होती. रंभाआत्याने ती शेणाच्या गोळ्यात घालून रीतीप्रमाणे घराच्या कौलावर फेकली आणि उंदराला नवा दात मागितला. रंभाआत्या म्हणजे हैबतरावांची आत्या. नजर अधू, पण रीतीभातीच्या बाबतीत तिला सगळं लख्ख दिसायचं. प्रकरण इथंच मिटलं होतं.

मिटलेलं प्रकरण उकरलं शाळातपासणीला आलेल्या डॉक्टरांनी. त्यांनी जयाच्या तोंडात बघितलं आणि चिठ्ठी दिली, 'दाढ वेळेआधी काढली आहे, पुण्याला दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.' चिठ्ठी वाचून लीलाबाई हसल्या. जी दाढ तोंडात नाही ती डॉक्टरला दाखवायची कशी? पण हैबतराव हसले नाहीत. ते आरशासमोर गेले, कुणी नाही असं बघून त्यांनी तोंड उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. त्यांची दाढही त्याच बाजारात, त्याच वयात, असाच मोर दाखवून काढली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. सरकारी अर्जात खरं कारण लिहू नये हे इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, 'मुलीच्या मुखातील रिकाम्या जागेच्या संरक्षणार्थ पुणे मुक्कामी जाणे आवश्यक.' हेडक्लार्कसाहेब अर्जातल्या फक्त जाड शब्दांवरून नजर फिरवायचे. त्यांना 'जागेच्या संरक्षणार्थ' एवढं दिसलं आणि त्यांनी अर्ज 'मोजणीच्या टेबलाकडे, अभिप्रायासाठी' असा शेरा मारून खाली पाठवला. मोजणीचं टेबल म्हणजे खुद्द हैबतराव. अर्ज तीन दिवसांनी फिरत फिरत त्यांच्याच पुढ्यात येऊन पडला. हैबतराव नियमाबाहेर वागणारे नव्हते. त्यांनी अभिप्राय लिहिला, 'जागेची समक्ष पाहणी केली. जागा रिकामी आहे. दोन्ही बाजूंनी अतिक्रमणाचा संभव दिसतो. तातडीने कार्यवाही व्हावी.' रजा मंजूर झाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी जयाला उंच खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आणि आरशाची काडी आत फिरवत म्हणाले, "काढायला नको होती हो ही दाढ. हिच्या जागी येणारा कायमचा दात अजून तीन-चार वर्षं येणार नाही."

"येईल तवा येईल," हैबतराव म्हणाले. मग आपण पुण्यात आहोत हे आठवून त्यांनी दुरुस्ती केली, "म्हणजे, येईल तेव्हा येऊ द्या."

"येऊन बसेल कुठे? जागा रिकामी राहिली की मागची दाढ पुढे सरकते, पुढची मागे कलते. नवा दात येतो तेव्हा त्याला वाटच नसते. मग तो आडवातिडवा, मिळेल तिथून बाहेर येतो."

हैबतराव खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे शेजारी बांध कोरतात!"

"काय म्हणालात?"

"रिकामी जागा दिसली की शेजारी सरकायला लागतो डॉक्टरसाहेब. आज वीतभर, उद्या हातभर. आमच्याकडं माणसं बी हेच करत्यात."

डॉक्टर हसले आणि त्यांनी हैबतरावांकडे पाहिलं. नको तिकडेच पाहिलं. "तुमचीही दाढ लहानपणी अशीच काढली होती का?"

हैबतरावांचा हात तोंडाकडे गेला. आत्तापर्यंत हा देवाचा दोष, वडिलांचा वारसा किंवा आईने ग्रहणात काही चिरल्याचा परिणाम आहे असं ते धरून चालले होते. तो निव्वळ अतिक्रमणाचा प्रकार निघावा आणि तोही मोजणी कारकुनाच्या तोंडात, याचं त्यांना फार वाईट वाटलं. एका हद्दीच्या दगडावाचून आपण पस्तीस वर्षं हाताआड हसलो. ते एवढंच म्हणाले, "हिची जागा राखा. काय लागंल ते करा."

डॉक्टरांनी केलं ते असं. मागच्या दाढेला पोलादाचं एक पातळ कडं बसवलं आणि त्या कड्यापासून तारेचा एक वेढा काढून पुढच्या दाढेला टेकवला. मधली जागा तशीच मोकळी. नवा दात वर डोकावला की हे काढून टाकायचं, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं आणि तोवर चिक्की, गूळ, ऊस, चिकट काही म्हणून खायचं नाही. शेवटची अट ऐकून जया पहिल्यांदा रडली.

गावात ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागेल असं हैबतरावांना वाटलं होतं. पण बांधाचं उदाहरण दिलं की मुळशीत कुठलीही विद्या लगेच समजते. संध्याकाळी ओट्यावर जयाला उभं करून तोंड उघडायला लावायचं आणि सगळ्यांनी वाकून हद्द बघायची, असं चार दिवस चाललं. कुशाबा पाटील म्हणाले, "तार कच्ची वाटतीया. चारी कोपऱ्याला खुणा केल्यात का? आन् पंच कोन व्हतं?" पाटलांना पंचनाम्याचा फार षोक होता; गावात मांजर व्यालं तरी ते पंच शोधायचे. मेंढरं घेऊन त्या बाजूला उतरलेला धुळाजी धनगर पुढे झाला, त्याने जयाची हनुवटी धरून कोकराचा जबडा उघडावा तसा तिचा जबडा उघडला आणि निवाडा दिला, "दोनदाती बी झाली न्हाई अजून, कोकरूच हाय. मेंढराला कुनी तार बांधतंय का? त्याचं दात सरळ येत्यात का न्हाई?"

"मेंढराला लगीन जमवायचं नसतं," रंभाआत्या म्हणाली.

कोंडाजी मात्र आपल्या ओट्यावर बसून नुसतं ऐकत होता. शेवटी कुणालातरी उद्देशून म्हणाला, "सोताच्या लेकीच्या तोंडातबी मोजणी घातली ह्यानं. उद्या म्हनंल जीभ सरकारजमा हाय."

हैबतरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या रात्री जेवणात त्यांना चव लागली नाही, असं लीलाबाई सांगतात. अर्थात त्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं, असंही त्याच सांगतात.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. गूळ वरच्या फळीवर गेला, फळी जयाच्या हातापासून दोन वीत वर गेली. आणि मग संक्रांत आली.

संक्रांतीला बोळाचा वाद बंद असायचा. गोड बोला म्हणून तिळगूळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असा दोन्ही घरांचा शिरस्ता होता. कोंडाजीच्या बायकोच्या, गोजराबाईच्या हातचा तिळाचा लाडू म्हणजे दगडाचा सख्खा भाऊ; पाक तिला पक्का करायची सवय होती. तिने जयाच्या हातावर लाडू ठेवला. चुलतीने दिलेलं नको म्हणू नये हे जयाला शिकवलेलं होतं. लाडू खाऊ नये हेही शिकवलं होतं, पण दोन शिकवणुकींत गोड असेल ती निवडावी एवढी अक्कल तिला होती. तिने दाढेखाली लाडू धरला, जोर लावला, लाडू जागचा हलला नाही आणि कडं मात्र तारेसकट बाहेर आलं.

अंगणात रंभाआत्या गोवऱ्या थापत होती. तिच्या हातावर काहीतरी कडक, चिकट, तीळ लागलेलं पडलं आणि जया म्हणाली, "आत्याआजी, पडलं!"

रंभाआत्याचे दोन्ही हात शेणातच होते, त्यामुळे पुढची रीत करायला अडचण नव्हती. "गप! आता बोलू नगंस," ती म्हणाली. दात कौलावर जाईपर्यंत पोराने तोंडातून शब्द काढायचा नाही, काढला तर नवा दात बोबडा येतो. जयाने हाताने खुणा केल्या, पाय आपटले, पण बोबड्या दाताच्या भीतीने तोंड मिटून धरलं. रंभाआत्याने गोळा वळला, उंदराला हाक मारली आणि वयाला न शोभेल अशा ताकदीने फेकला. नजर अधू असल्यामुळे नेम चुकला. गोळा बोळावरून उडाला आणि कोंडाजीच्या कौलावर, वळचणीपासून चार हात वर जाऊन बसला.

"आत्याआजी, ते तार होतं!" जया म्हणाली. पण तोवर उशीर झाला होता.

हैबतराव कचेरीतून आले तेव्हा सगळं घर कोंडाजीच्या कौलाकडे तोंड करून उभं होतं. झालेला प्रकार ऐकून ते मटकन ओट्यावर बसले. कडं दिसत होतं. शेणातून तारेचं टोक बाहेर येऊन उन्हात चमकत होतं. शिडी लावली की काम पाच मिनिटांचं. पण शिडी लावायची कुठं? बोळात. आणि इथंच गाडं अडलं.

ही अडचण बाहेरच्या माणसाला कळायची नाही. मोजणी कारकुनाला ती पुरेपूर कळते. कोंडाजीला न विचारता बोळात शिडी लावली तर तो आरडाओरडा करणार, गाव गोळा करणार आणि कौलावर चढू देणार नाही. विचारून लावली, तर बोळ त्याचा आहे हे कबूल केल्यासारखंच. परवानगी मागितली याचा अर्थ मालकी मानली, असं हैबतरावांनी स्वतः कितीतरी प्रकरणांत लाल शाईने लिहिलं होतं. त्या लाल शाईत आज त्यांचे पाय अडकले.

मग बिनपरवानगीचे उपाय सुरू झाले. लीलाबाईंनी कपडे वाळत घालायची काठी आणली, ती दोन हात कमी पडली. धरणात जाळं टाकणाऱ्या एकाचं फेकजाळं आणलं. ते कोंडाजीच्या कौलावर सुरेख पसरलं आणि ओढल्यावर त्यात दोन कौलं आली. शेवटी धुळाजीने मेंढरांसाठी झाडाचा पाला खाली ओढायची लांब आकडी दिली. ती घेऊन हैबतराव स्वतःच्या कौलावर चढले. कचेरीतली विजार, कचेरीतला कोट आणि डोक्यावर टोपी, कारण खाली माणसं जमली होती आणि उघड्या डोक्याने चारचौघांत जायचं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. छपराच्या कण्यावर बसून त्यांनी आकडी लांब केली. आकडीचं टोक गोळ्याला लागलं, गोळा थोडा हलला, आणि हैबतरावांच्या खालचं कौल फुटून त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत स्वतःच्याच स्वयंपाकघरात गेला.

आत लीलाबाई चुलीजवळ होत्या. वरून आलेला पाय त्यांनी ओळखला, कारण मोजा त्यांनीच रफू केलेला होता.

"अवो, खालीच येताय का वर जाताय?" त्यांनी विचारलं.

बाहेर कुशाबा पाटलांनी वही काढली होती. "पाय हद्दीत हाय," ते म्हणाले, "पन आकडी हद्दीभायेर गेलीया. ह्याची नोंद करावी लागंल." खाली जमलेल्या माणसांत मतभेद झाले. काहींच्या मते हवेत हद्द नसते, काहींच्या मते पाताळापासून आभाळापर्यंत असते. या चर्चेत वर अडकलेल्या माणसाकडे बराच वेळ कुणाचं लक्ष नव्हतं.

कोंडाजी आपल्या ओट्यावरून उठलासुद्धा नव्हता. आता तो सावकाश अंगणात आला, वर बघितलं आणि म्हणाला, "हैबत्या, कशाला जिवाशी खेळतुयास? दोन ओळी लिहून दे. 'बोळ कोंडाजीचा, त्याच्या परवानगीनं शिडी लावली.' मी सोता चढून काढून देतो. मला काय पोरीचं वाईट करायचंय व्हय?"

"जीव गेला तरी न्हाई," हैबतराव कौलातून म्हणाले.

त्यांना बाहेर काढायला तिघे लागले. खाली उतरले तेव्हा कोटाला शेवाळ, मांडीला खरचटलेलं आणि टोपी कोंडाजीच्या कौलावर, गोळ्याच्या शेजारी. नऊ वर्षांची इभ्रत अशी पंधरा मिनिटांत शेजाऱ्याच्या कौलावर जाऊन पडलेली. ते अंगणातल्या बाजेवर बसले. जया त्यांच्याजवळ आली. गाल आतून फुगत होता. जिभेचं टोक पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेत जात होतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "दाढा सरकायला लागल्या असतील का?"

हैबतरावांनी तिचं तोंड उघडून बघितलं. त्यांना वाटलं, मागची दाढ सकाळपेक्षा पुढे आली आहे. त्यांनी कोंडाजीच्या घराकडे बघितलं, बोळाकडे बघितलं, आणि मग कुशाबा पाटलांना म्हणाले, "पाटील, कागद घ्या."

कागद त्यांनीच सांगितला, कारण गावात दुसऱ्या कुणाला असा कागद बिनचूक सांगता येत नव्हता. लांबी, रुंदी, चारी दिशा, पागोळीचा हक्क, काही सोडलं नाही. पाटलांना इतका सुंदर कागद लिहायला आयुष्यात मिळाला नव्हता. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. हैबतरावांनी सही केली तेव्हा सहीतला 'व' जरा कोंडाजीच्या बाजूला कलला. कोंडाजीने कागद घडी करून मुंडाशात खोचला, धोतराचा काचा मारला, शिडी लावून सरसर वर गेला आणि एका हातात शेणाचा गोळा घेऊन आणि मुंडाशावरच हैबतरावांची टोपी चढवून खाली आला. टोपी मुंडाशावरसुद्धा त्याला शोभत होती, हे त्यातल्या त्यात लागणारं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हैबतराव जयाला घेऊन पुण्याला गेले. कडं स्वच्छ धुऊन, रुमालात बांधून, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि ट्रेमध्ये टाकलं. "वाकलंय हे. असू द्या, दुसरं करून देतो, अर्ध्या तासाचं काम." मग हैबतरावांचा चेहरा बघून म्हणाले, "एवढी घाई करायला नको होती. आठ-पंधरा दिवसांत काही सरकत नाहीत दाढा. सवडीने आला असतात तरी चाललं असतं."

परत निघताना हैबतरावांनी ते वाकलेलं कडं मागून घेतलं. अडीच हात बोळाच्या बदल्यात मिळालेली वस्तू ट्रेमध्ये टाकून यायला त्यांचं मन होईना.

ते घरी पोचले तेव्हा बोळात गव्हाण होती. त्याच दिवशी सकाळी बांधलेली, अजून चिखल ओला होता, आणि गव्हाणीला कोंडाजीची म्हैस. हैबतरावांच्या जेवणघराची खिडकी नेमकी गव्हाणीवर उघडायची. त्या दिवसापासून रोज सकाळी ते चहाला बसले की खिडकीच्या गजांतून ओलं, काळं नाकाड आत यायचं आणि त्यांच्याकडे बघत रवंथ चालायचा. रिकामी जागा राहिली की शेजारी सरकतो, हे त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तीन वर्षं गेली. हैबतरावांनी दर सहा महिन्यांनी पुण्याची खेप केली, एकदासुद्धा चुकवली नाही. जयाने गूळ पाहिला पण खाल्ला नाही, संक्रांतीला मुठीत तिळगूळ घेऊन तो धुळाजीच्या मेंढरांना घातला. आणि पासष्ट साली एका सकाळी तारेच्या वेढ्याखाली पांढरं टोक वर आलं, बरोबर मधोमध, ना उजवीकडे ना डावीकडे. हैबतरावांनी स्वतः फूटपट्टी लावून बघितलं.

डॉक्टरांनी कडं काढलं, जयाच्या हातात आरसा दिला आणि म्हणाले, "शाबास! एवढी जागा राखणारं घर मी पाहिलं नाही. आता हस पाहू मोठ्यांदा."

जया हसली. अकरा वर्षांची पोर, सगळे दात ओळीत, मोत्यासारखे. हसली आणि तिचा उजवा तळहात आपसूक तोंडावर गेला, खांदे गदगदले, डोळ्यांना पाणी आलं, आणि हसून झाल्यावर हात खाली आला.

डॉक्टरांना वाटलं पोर लाजली. हैबतरावांना तसं वाटलं नाही. दोघं परतीच्या एसटीत बसली. भूगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "जया, हसताना त्वांडावर हात का धरतीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "हसताना धरायचाच असतो ना?" ती म्हणाली. "तुमी बी धरता की."

तीन वर्षं ते या पोरीच्या तोंडात डोकावत होते, तारेचा वेढा केसभर हलला की त्यांना झोप लागत नव्हती. आणि ही त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दातांची रांग त्यांनी राखली, पण वर झाकण स्वतःचंच घालून ठेवलं. सगळ्या खेपा, तो कागद, तो बोळ, कशाकशाचा उपयोग झाला नाही असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, डॉक्टरांकडून आणलेलं नवं कडं आणि जुनं वाकलेलं कडं अशी दोन्ही त्यांनी कागदाच्या तुकड्यावर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. रंभाआत्याचं म्हणणं होतं की ती तुळशीत पुरावीत. लीलाबाईंचं म्हणणं होतं की त्याचं काही करू नये, फक्त जेवणाच्या जागेवरून उचलावं. एवढ्यात म्हशीने नाकाड आत घातलं, फुर्र केलं आणि कागद उडाला. जुनं कडं आत पडलं. नवं बाहेर गेलं.

बाहेर कोंडाजी गव्हाणीत वाकून पेंढा पसरत होता. "काय पडलं रं?" त्याने विचारलं.

"जयाचं कडं. तारेचं."

कोंडाजीचं तोंड पांढरं पडलं. पेंढ्यातून तार पोटात गेली तर जनावर हाती लागत नाही, हे मुळशीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याने म्हशीचं मुसकट धरलं, तिला बोळातून मागे रेटलं, गव्हाण उपसली, सगळा पेंढा अंगणात काढला आणि मांडी घालून काडी काडी वेचायला बसला. "हैबत्या, बग की रं जरा! न्हाईतर माजी म्हस जाती! दुबती हाय रं!" आरडाओरडा ऐकून गोजराबाई आली, कुशाबा पाटील वही घेऊन आले. कोंडाजीने पेंढा संपवून शेणाकडे मोर्चा वळवला आणि कोपरापर्यंत हात घातले.

हैबतराव बाहेर आले. जया त्यांच्या मागे. त्यांनी खाली बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मग त्यांना ते दिसलं. कडं कोंडाजीच्या मुंडाशाच्या घडीत अडकलं होतं. तारेचा वेढा कपाळावर मुंडावळीसारखा लोंबत होता आणि कोंडाजी मान हलवेल तसा तोही हलत होता. आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होतं. फक्त ज्याच्या डोक्यावर होतं तो शेणात शोधत होता.

"काखेत कळसा," रंभाआत्या म्हणाली. तिलासुद्धा दिसलं होतं.

हैबतरावांच्या पोटातून हसू वर आलं. उजवा हात उठला. अर्ध्यावर आला आणि त्यांचं लक्ष बाजूला गेलं. जयालाही हसू आलं होतं, तिचाही हात उठला होता, आणि ती त्यांच्याकडे बघत होती, नेहमीसारखी, कसं करायचं ते बघायला.

त्यांनी हात खाली घेतला. नुसता घेतला नाही, पाठीमागे नेऊन डाव्या हाताने धरून ठेवला, कारण त्याचा भरवसा नव्हता. आणि मग ते हसले. उरावर बसलेले दोन, आत उभा राहिलेला एक, बाहेर निघालेला सुळा, सगळी बेशिस्त सकाळच्या उन्हात उघडी टाकून मोठ्यांदा हसले. लीलाबाई हातात बशी घेऊन दारात थबकल्या.

कोंडाजीने शेणातून मान वर केली. कडं टपकन त्याच्या मांडीवर पडलं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो चुलतभावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हैबत्या," तो म्हणाला, "तुजं दात असलं हायेत व्हय रं? जन्माचा शेजारी मी, आज दिसलं!"

"बगून घे," हैबतराव म्हणाले. "लिहून मागू नगंस."

जयाचा हात अजून तसाच अधांतरी होता. तिने आबांच्या पाठीमागचे हात बघितले, मग आपला हात परकराला पुसून खाली सोडला आणि ती खिदळत सुटली.